थेट कॅल्क्युलस ठीक, पण तास कुठून आणायचे?

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात इंजिनिअरिंग, फिजिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे निघालेल्या विद्यार्थ्याने गणिताची सुरुवात कुठून करायची, यावर गेली काही वर्षं विधिमंडळापासून गणित विभागांच्या स्टाफरूमपर्यंत वाद चालू आहे. २०२२ साली ‘एबी १७०५’ (असेंब्ली बिल १७०५) हा कायदा झाला. त्याचा गाभा असा: ज्या पदवीला कॅल्क्युलस लागतं, त्या विद्यार्थ्याला कॉलेजने आधीच्या कोर्सेसमध्ये अडकवून ठेवू नये. आधीचा कोर्स केल्याने त्याची कॅल्क्युलस पास होण्याची शक्यता वाढते, हे कॉलेजला आकड्यांनी दाखवता आलं पाहिजे. दाखवता येत नसेल, तर २०२५ च्या फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सत्रापासून पहिल्याच सत्रात त्याला थेट कॅल्क्युलसमध्ये बसू द्यायचं.

माझं मत आधीच सांगते. कायद्याने रोग बरोबर ओळखला आहे. उपचार मात्र अर्ध्यावर सोडला आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत सरकार मोजत नाही, विद्यार्थी मोजतो आहे. मी अशाच एका कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांबरोबर बसते. त्यामुळे हा माझ्यासाठी केवळ धोरणाचा विषय नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी हवी. अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. १९६० च्या मास्टर प्लॅनने राज्याच्या उच्च शिक्षणाची वाटणी केली. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरचे एक अष्टमांश विद्यार्थी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी, वरचे एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीसाठी, आणि कम्युनिटी कॉलेज ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी. तिथे ना कटऑफ, ना प्रवेश परीक्षा. राज्यातल्या रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर फी आहे, म्हणजे सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात पाच युनिटांच्या कॅल्क्युलसला २३० डॉलर. हाच कोर्स पुढे बर्कली किंवा सॅन होजे स्टेटसारख्या चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घेताना ग्राह्य धरला जातो. लिमिट, डेरिव्हेटिव, त्याचे उपयोग, इंटिग्रलची ओळख आणि त्या दोघांना जोडणारं मूलभूत प्रमेय, एवढा ऐवज चार-साडेचार महिन्यांत.

चाळिशीत इंजिनिअरिंग सुरू करायची सोय इथे खरोखर आहे, आणि मला या व्यवस्थेबद्दल मनापासून आदर आहे. आपल्याकडे दहावीनंतर कॉमर्स घेऊन गणित सोडलं की तो विषय तिथेच संपतो. पुढे कितीही वाटलं, तरी परतीची वाट सरकारी व्यवस्थेत सापडणं कठीण. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी मराठी बायका बी.कॉम. किंवा बी.ए. झालेल्या आहेत. अनेकींना नोकरीची परवानगी नसते, पण शिकायची असते. मूल शाळेत जायला लागलं की त्या कम्युनिटी कॉलेजचा कॅटलॉग उघडून बसतात. कुणाला डेटाचं काम करायचं असतं, कुणाला अर्धवट राहिलेली इंजिनिअरिंगची हौस पुरी करायची असते. त्यांच्यासाठी कॅल्क्युलसच्या आधी काय शिकायला मिळतं, हा प्रश्न अगदी घरचा आहे.

आता जुनी पद्धत पाहू. २०१९ च्या आधी कॉलेजात पाऊल टाकलं की गणिताची प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागे. बहुतेकांना तिचं महत्त्वच ठाऊक नसे. उन्हाळ्यात, तयारी न करता, संगणकासमोर बसून दिलेल्या एका परीक्षेवर पुढची दोन-अडीच वर्षं ठरत. शाळेत पास झालेलं बीजगणित पुन्हा पदरात पडे: आधी प्री-अल्जिब्रा, मग एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट, मग ट्रिगनॉमेट्री किंवा कॉलेज अल्जिब्रा, मग प्रीकॅल्क्युलस म्हणजे कॅल्क्युलसची पूर्वतयारी, आणि त्यानंतर कॅल्क्युलस. यातल्या सुरुवातीच्या कोर्सेसना पदवीसाठी काही मोल नव्हतं. पैसे जायचे, आर्थिक मदतीची मुदत खर्ची पडायची आणि उमेद आटायची. या खालच्या कोर्सेसमध्ये काळे, लॅटिनो आणि गरीब घरांतले विद्यार्थी जास्त प्रमाणात ढकलले जात. २०१७ साली ‘एबी ७०५’ मंजूर झाला आणि ही पद्धत मोडली. परीक्षेऐवजी शाळेतले गुण पाहायचे, आणि विद्यार्थी एका वर्षात विद्यापीठ-पातळीचं गणित पूर्ण करण्याची शक्यता जास्तीत जास्त राहील अशा जागी त्याला बसवायचं. मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र घेणाऱ्या मुलांना थेट संख्याशास्त्राला बसता येऊ लागलं आणि पहिल्या वर्षात गणित पार करणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. याबद्दल आता फारसा वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद आहे तो कॅल्क्युलसचा. इथे गणिताचे शिक्षक आणि थेट प्रवेशाच्या बाजूचे संशोधक एकमेकांवर खोटेपणाचा आरोप करतात, आणि माझ्या मते दोन्ही बाजू खरं बोलतात. कसं ते एका काल्पनिक हिशेबाने दाखवते.

समजा शंभर विद्यार्थी प्रीकॅल्क्युलसने सुरुवात करतात. पासष्ट पास होतात. त्यातले पंधरा पुढच्या सत्रात परत येतच नाहीत, कारण नोकरीची वेळ बदलते, घरभाडं वाढतं, आई आजारी पडते. पन्नास कॅल्क्युलसला बसतात आणि पस्तीस पास होतात. वर्गातल्या शिक्षकाला दिसतं की सत्तर टक्के निकाल लागला. आता दुसरे शंभर थेट कॅल्क्युलसला बसवले आणि त्यातले पंचेचाळीस पास झाले असं धरा. शिक्षकाला दिसतं की निकाल पंचेचाळीस टक्क्यांवर आला, निम्म्याहून जास्त वर्ग बुडाला. संशोधकाला दिसतं की पस्तीसच्या जागी पंचेचाळीस पार झाले. दोघांचाही आकडा बरोबर आहे. शिक्षक मोजतो तो वर्गात बसलेल्यांपैकी, संशोधक मोजतो तो स्वप्न घेऊन निघालेल्यांपैकी. जे परत आलेच नाहीत, ते शिक्षकाच्या हजेरीपटावर कधी नव्हतेच.

म्हणून गणिताच्या शिक्षकांनी ‘निकाल पडले’ एवढाच मुद्दा पुढे करू नये असं मला वाटतं. जुन्या पद्धतीत माणसं कमी बुडत नव्हती. ती आधीच, कुणाच्या नजरेस न पडता बुडत होती.

पण संशोधकांच्या बाजूलाही दोन प्रश्न विचारायला हवेत. कायद्याच्या आधी जे थेट कॅल्क्युलसला बसले, ते कोण होते? शाळेतले सरासरी गुण सारखे असले, तरी त्यातल्या कुणी शाळेत त्रिकोणमिती केली होती आणि कुणी नव्हती, कुणी स्वतःच्या हिमतीवर वर्ग निवडला होता आणि कुणाला समुपदेशकाने सुचवला होता. सरासरी गुण हा माणूस किती चिकाटीचा आहे हे बऱ्यापैकी सांगतात. त्याला साइन आणि कोसाइन माहीत आहेत की नाही, हे सांगत नाहीत. चित्रकला आणि इतिहासात उत्तम गुण मिळवून आलेली मुलगी मेहनती असेलच, पण रेडियन म्हणजे काय हे तिला मेहनतीने आपोआप कळणार नाही. दुसरा प्रश्न त्या उरलेल्या पंचावन्नांचा. जुन्या वाटेवर अडखळणाऱ्याच्या पदरात थोडंफार प्रीकॅल्क्युलस तरी पडत असे. नव्या वाटेवर अडखळणाऱ्याच्या पदरात एक ‘एफ’ किंवा ‘डब्ल्यू’ पडतो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत एकच कोर्स साधारणपणे तीनदाच घेता येतो, आणि मधेच सोडून मिळवलेला ‘डब्ल्यू’सुद्धा त्या तिनांत धरला जातो. शिवाय आर्थिक मदत चालू राहायला घेतलेल्या युनिटांपैकी ठरावीक हिस्सा पूर्ण करावाच लागतो. पाच युनिटांचा कोर्स बुडाला की तो हिशेबही बिघडतो.

मुळात विद्यार्थी अडतो कुठे? आपल्याकडे ज्यांनी बारावीला विज्ञान शाखेत कॅल्क्युलस केलं, त्यांना उत्तर ठाऊक आहे. लिमिटची कल्पना समजावायला मला फार वेळ लागत नाही. गाडीचा सरासरी वेग आणि एका क्षणाचा वेग यातला फरक ट्रक चालवणाऱ्याला कळतो, स्वयंपाक करणाऱ्याला कळतो. अडचण त्याच्या पुढच्या ओळीत असते. ‘एक छेद एक्स’ या फलनाचं डेरिव्हेटिव व्याख्येवरून काढायचं आहे. वरती लिहिलं जातं: एक छेद (एक्स + एच) वजा एक छेद एक्स, आणि हे सगळं भागिले एच. इथवर विद्यार्थी स्वतः येतो. आता दोन अपूर्णांकांचा समान छेद करायचा, म्हणजे वर उरतं एक्स वजा (एक्स + एच). कंसापुढचं वजा चिन्ह आत नेताना सुटतं आणि उणे एचच्या जागी अधिक एच होतो. किंवा समान छेद करण्याऐवजी छेदातून छेद वजा केला जातो. पेन थांबतं. विद्यार्थी वर बघतो आणि म्हणतो, ‘मला कॅल्क्युलस जमत नाही.’ त्याला कॅल्क्युलस जमलेलं असतं. सातवी-आठवीतला अपूर्णांक जमलेला नसतो.

दुसरं उदाहरण मुळाचं. एक्स वर्ग अधिक नऊ, याचं वर्गमूळ. पुष्कळ जण बिनधास्त लिहितात, एक्स अधिक तीन. मी एक्सच्या जागी चार घालायला सांगते. सोळा आणि नऊ पंचवीस, मूळ पाच. त्यांच्या उत्तराने सात. चेहऱ्यावर जे उमटतं ते अज्ञान नसतं, आश्चर्य असतं. हे आजवर कुणी तपासायला सांगितलंच नव्हतं. यावर उपाय अजिबात अवघड नाही, पण त्याला वेळ लागतो: समोर बसून, एकेका चुकीपाशी थांबून. पुढच्या आठवड्यात चेन रूल (फलनाच्या आत फलन असेल तर डेरिव्हेटिव काढायचा नियम) येतो तेव्हा तीच चूक नव्या कपड्यांत परत येते, आणि पुन्हा थांबावं लागतं. व्याख्यान देणाऱ्या शिक्षकाला पस्तीस-चाळीस जणांच्या वर्गात हे करता येत नाही, कारण त्याला डिसेंबरच्या आत इंटिग्रलपर्यंत पोहोचायचं असतं.

कायद्याच्या समर्थकांकडे याला उत्तर आहे: को-रिक्विझिट. कॅल्क्युलसबरोबरच एक-दोन युनिटांचा आधार-वर्ग, ज्यात लागेल तेव्हा लागेल तेवढं बीजगणित शिकवायचं. ही कल्पना मला पटते. गरज समोर असताना शिकलेलं टिकतं, हे मी रोज पाहते. पण जरा घड्याळ मांडून बघा. कॅलिफोर्नियात एक युनिट म्हणजे संपूर्ण सत्रात वर्ग आणि गृहपाठ धरून किमान ४८ तासांचं काम अपेक्षित असतं, म्हणजे आठवड्याला साधारण तीन तास. पाच युनिटांच्या कॅल्क्युलसला पंधरा तास. दोन युनिटांचा आधार-वर्ग जोडला की एकवीस. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणवून घ्यायला बारा युनिटं लागतात, म्हणजे आठवड्याला छत्तीस तास अभ्यास. आणि या कॉलेजांतले बहुसंख्य विद्यार्थी नोकरी करतात. वीस-पंचवीस तासांची नोकरी त्यात मिळवली की साठी गाठली जाते. त्यात बसचा प्रवास नाही, धाकट्या भावाला शाळेतून आणणं नाही, आजीला दवाखान्यात नेणं नाही.

म्हणजे वाट लांबीला कमी झाली आणि रुंदीला वाढली. ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्यासाठी हा सरळ फायदा आहे. ज्याच्याकडे वेळ नाही त्याच्यासाठी काम तेवढंच राहिलं, फक्त दोन सत्रांचं एका सत्रात कोंबलं गेलं. गरीब विद्यार्थ्याला सर्वांत जास्त तुटवडा बुद्धीचा नसतो, सलग तासांचा असतो. गणित शिकण्याच्या चर्चेत हा तुटवडा जवळजवळ कुणी मोजतच नाही.

यावर सर्वांत मोलाचं काम बर्कलीत पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालं. १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन तिथे गणितात पीएचडी करत होते. पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसमध्ये काळे विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडतात आणि चिनी-अमेरिकन विद्यार्थी चांगली कामगिरी करतात, हे पाहून त्यांनी कारण शोधायचं ठरवलं. विद्यापीठातल्या लोकांकडे तयार कारणं होती: प्रेरणा नाही, शाळेतली तयारी कच्ची, घरून पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइसमन दोन्ही गटांतल्या वीस-वीस विद्यार्थ्यांच्या मागे अक्षरशः फिरले आणि ते अभ्यास कसा करतात हे पाहिलं. यातलं एकही कारण पुरेसं ठरलं नाही. काळे विद्यार्थी कष्ट करत होते, पण एकटे. वर्ग संपला की घरी, आणि कुठे चुकतंय हे परीक्षेपर्यंत कळायचं नाही. चिनी विद्यार्थी आधी एकटे अभ्यास करत आणि मग संध्याकाळी एकत्र जमत, एकमेकांची गणितं तपासत, कुणाला काय जमलं नाही ते उघड बोलत. सगळ्यांना अडलं तर गणितच कठीण आहे, आपण मंद नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळे.

यावरून त्यांनी जी कार्यशाळा सुरू केली, तिच्यात जुन्या बीजगणिताची उजळणी नव्हती. नेहमीच्या गृहपाठाहून अवघड गणितं होती, लहान गट होते आणि भरपूर वेळ होता. ‘तुम्ही कच्चे आहात म्हणून या’ असं सांगितलं जात नव्हतं. बीजगणितातल्या भेगा त्या अवघड गणितांवर भांडता भांडता बुजवल्या जात. तिथे आलेल्या विद्यार्थ्यांच्या निकालात मोठा फरक पडला आणि पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी हा नमुना उचलला. या अनुभवातून मी घेतलेला अर्थ असा: विद्यार्थी कॅल्क्युलसच्या आधी कोणत्या कोर्समध्ये बसला होता यापेक्षा, कॅल्क्युलस चालू असताना त्याच्या भोवती कोण होतं आणि किती तास होतं, हे जास्त महत्त्वाचं. थेट प्रवेशाच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. आणि नुसत्या थेट प्रवेशाच्या विरोधातही.

कारण हे तास फुकट मिळत नाहीत. ‘एबी १७०५’ च्या अंमलबजावणीसाठी राज्याने २०२२ च्या अर्थसंकल्पात ६ कोटी ४० लाख डॉलर दिले, तेही एकदाच. कॉलेजांच्या संख्येने भागलं तर प्रत्येकी साडेपाच लाख डॉलरच्या आसपास, आणि त्यात इंग्रजी आणि संख्याशास्त्राचाही वाटा. गणित एकदाच शिकवायचं नसतं, दर ऑगस्टला नवे विद्यार्थी येतात. एकरकमी पैशातून लावलेला ट्युटर पैसे संपले की जातो. मी अशी माणसं जाताना पाहिली आहेत. चांगली माणसं होती आणि विद्यार्थ्यांना त्यांची सवय झालेली होती.

शिक्षकांचंही तसंच. या कॉलेजांत संख्येने पूर्णवेळ प्राध्यापकांपेक्षा अर्धवेळ शिक्षक जास्त आहेत. कायद्याने एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या एका स्थानिक मंडळात, त्यांना पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. मग सकाळी एका कॉलेजात, दुपारी तीस मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजात असा त्यांचा आठवडा जातो. वर्ग संपल्यावर अर्धा तास थांबून एखाद्याच्या वहीतलं वजा चिन्ह शोधायला त्यांना कुठून वेळ मिळणार? ते थांबतातही बरेचदा, स्वतःच्या खिशातल्या वेळावर. त्या चांगुलपणाच्या भरवशावर राज्याचं शैक्षणिक धोरण उभं राहू नये.

याच वर्गात आपली मुलंही असतात, आणि याबद्दल मराठी पालकांशी थोडं मोकळेपणाने बोलायला हवं. क्युपर्टिनो, सनीव्हेल, फ्रीमाँट भागांतल्या मराठी घरांत ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द अजून थोडा खालच्या आवाजात उच्चारला जातो. पण उन्हाळा आला की त्याच कॉलेजच्या कॅल्क्युलसला अकरावी-बारावीतली मुलं घातली जातात, कारण शाळकरी मुलांना तिथे बहुधा फी माफ असते आणि अर्जात एक चांगला ग्रेड वाढतो. यात बेकायदा काही नाही, आणि मुलाला खरंच आवड असेल तर उत्तमच आहे. पण हा मुलगा शाळेत प्रीकॅल्क्युलस करून, वर खासगी शिकवणीत निम्मं कॅल्क्युलस उरकून आलेला असतो. त्याच्या शेजारच्या बाकावर गोदामात रात्रपाळी करून आलेला तिशीतला माणूस बसलेला असतो. शिक्षक विचारतात, ‘हे सगळ्यांना माहीत आहेच ना?’ आपला मुलगा मान डोलावतो, आणि शेजारचा गप्प राहतो. वर्गाचा वेग त्या डोलावण्यावर ठरतो. आपल्या मुलांना निदान एवढं सांगावं, की शेजाऱ्याबरोबर बसून गणितं सोडव. त्यात त्याचाही फायदाच होईल, कारण वेगाने उरकलेलं कॅल्क्युलस किती पोकळ असतं हे पुढच्या वर्षी कळतं. अमेरिकेच्या मॅथेमॅटिकल असोसिएशनने २०१० मध्ये देशभर केलेल्या पाहणीत एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आली होती: पहिल्या सत्राचं कॅल्क्युलस संपेपर्यंत विद्यार्थ्यांचा गणितातला आत्मविश्वास आणि गोडी दोन्ही घटलेली असते.

हा प्रश्न फक्त कॅलिफोर्नियाचा आहे असंही नाही. महाराष्ट्रात दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांना विचारा. पहिल्या वर्षाचं गणित, म्हणजे एम-वन आणि एम-टू, न करता समोर एकदम एम-थ्री येतो, त्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म, आणि इंटिग्रेशनचा हात बसलेला नसतो. वर्कशॉपमध्ये ही मुलं वर्गात सर्वांत पुढे असतात आणि गणितात केटी घेऊन बसतात. २०२१ च्या मार्चमध्ये एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) बारावीला गणित नसलेल्यांनाही इंजिनिअरिंगचा प्रवेश खुला करायचं जाहीर केलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्या घोषणेतही ब्रिज कोर्सची, म्हणजे मधली उणीव भरून काढणाऱ्या वर्गाची, तरतूद होती. चर्चा मात्र प्रवेश द्यावा की देऊ नये यावरच झाली. ब्रिज कोर्स कोण शिकवणार, किती तास, कुणाच्या पगारातून, हे क्वचितच कुणी विचारलं. दोन्हीकडे प्रवेश खुला करणं स्वस्त आहे म्हणून ते आधी होतं.

१९८७ साली वॉशिंग्टनला कॅल्क्युलसच्या भवितव्यावर मोठी परिषद भरली होती. तिथे मांडलं गेलं की कॅल्क्युलस ही विद्यार्थ्यांना गाळून टाकणारी चाळणी राहू नये, तो त्यांना विज्ञानाकडे वर खेचणारा पंप व्हावा. जवळजवळ चाळीस वर्षं हे वाक्य उद्धृत होत आलंय. पंप चालायला वीज लागते, आणि या बाबतीत वीज म्हणजे माणसांचे तास.

मग करायचं काय? प्रीकॅल्क्युलस सक्तीचं करू नये, पण ते बंदही करू नये. ज्याने शाळेत त्रिकोणमिती पाहिलीच नाही, किंवा शाळा सोडून वीस वर्षं झाली, त्याने स्वतःहून एक सत्र तयारीचं मागितलं तर त्याला तो वर्ग मिळाला पाहिजे, आणि संध्याकाळी मिळाला पाहिजे. आकडे सरासरीचे असतात, आणि धोरण सरासरीवर ठरवणं मला समजतं. पण पंढरपूरहून आलेली बी.कॉम. झालेली बाई जेव्हा म्हणते, ‘मला आधी साइन-कोसाइन नीट शिकायचंय, मग कॅल्क्युलस घेईन,’ तेव्हा ती स्वतःला सरासरीपेक्षा चांगलं ओळखते. तिच्याकडे कॅलिफोर्नियातल्या शाळेचे गुण नाहीत. अशांनी मार्गदर्शन घेऊन आपली जागा आपण ठरवायची, अशी सोय नियमांत आहे. पण ती ठरवेल तो वर्गच वेळापत्रकातून गेला, तर त्या सोयीला अर्थ काय उरतो? सगळ्या कॉलेजांनी सारखीच वाट धरलेली नाही. काहींनी नव्या रचनेचं प्रीकॅल्क्युलस करून पाहायला घेतलं आहे, काहींनी जुने वर्ग जवळजवळ गुंडाळले आहेत. त्यामुळे तिचं नशीब ती कोणत्या कॉलेजच्या हद्दीत राहते यावर ठरतं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

थेट कॅल्क्युलसला बसणाऱ्यांसाठी आधार-वर्ग, वर्गात बसणारा ट्युटर आणि संध्याकाळच्या गटांसाठी कायमचा निधी हवा, एकदाच दिलेली रक्कम नको. अर्धवेळ शिक्षकाने वर्गाबाहेर दिलेल्या प्रत्येक तासाचे पैसे मिळावेत. विद्यार्थ्यालाही काही द्यायला हवं. कॅल्क्युलस आणि आधार-वर्ग एकत्र घेणाऱ्या गरजूला राज्याने त्या सत्रापुरता निर्वाहभत्ता दिला, तर तो आठवड्याची दोन रात्रपाळी सोडू शकेल. ते दहा-बारा तास कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काम करतील.

आणि मोजणी बदलायला हवी. आज यशाची चर्चा मुख्यतः ठरलेल्या मुदतीत पहिलं कॅल्क्युलस पास होण्यावरच होते. पण इंजिनिअर व्हायला निघालेल्याला त्याच्या पुढे दुसरं कॅल्क्युलस, तिसरं, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कॅल्क्युलसवर उभं असलेलं फिजिक्स करायचं असतं. काठावर ‘सी’ मिळवून पुढे गेलेला विद्यार्थी इंटिग्रेशनच्या पद्धतींपाशी अडला, तर तो पहिल्या आकड्यात यशस्वी म्हणून नोंदलेला असतो आणि इंजिनिअरिंग सोडून गेलेला असतो. कॉलेजांनी दरवर्षी जाहीर करावं: थेट बसलेल्यांपैकी किती जण दुसरं कॅल्क्युलस पास झाले, किती जण इंजिनिअरिंगमध्येच बदली होऊन गेले, पहिल्या प्रयत्नात अडखळलेल्यांपैकी किती जण परत आले. त्यात शाळेत त्रिकोणमिती झालेले आणि न झालेले वेगळे दाखवावेत, नोकरी करणारे आणि न करणारे वेगळे दाखवावेत. यातली बरीच माहिती कॉलेजांकडे आजही असते, आणि उरलेली अर्जावर एक-दोन प्रश्न वाढवून गोळा करता येईल. हे आकडे थेट प्रवेशाच्या बाजूने आले तर मी ते आनंदाने मान्य करेन आणि प्रीकॅल्क्युलसचा आग्रह सोडेन. ते येईपर्यंत तयारीचे संध्याकाळचे वर्ग वेळापत्रकातून काढू नयेत, एवढं गणित विभागांनी आणि राज्याच्या कम्युनिटी कॉलेज कार्यालयाने आत्ताच ठरवावं.